काळ्या फोनची डायल पुन्हा फिरवताना

माझा पहिला डायलचा फोन मी स्वतःच्या हाताने मारला. माळ्यावर वीसेक वर्षं पडून होता. वर बोटभर धूळ, तळाला कोळिष्टकं. मी उत्साहाने वरचं काळं कवच डायलसकट सोडवलं आणि कपड्याच्या साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी डायलच्या मधल्या कागदाचा लगदा झालेला, मागच्या स्प्रिंगांवर तांबूस गंज धरू लागलेला. कवच वाळलं तेव्हा त्याचा काळा रंग अर्धवट पुसलेल्या पाटीसारखा राखाडी दिसू लागला. बुडवण्याआधी तो फोन चालू होता. मळलेला होता, एवढंच.

त्यानंतर बरेच फोन हाताखालून गेले आणि त्यातले खरोखर मेलेले फारच थोडे निघाले. बाकीच्यांचं दुखणं एकच: धूळ, वाळून चिकट झालेलं तेल आणि आधीच्या एखाद्या हौशी माणसाचा स्क्रू ड्रायव्हर. त्यामुळे काय करायचं याच्या बरोबरीने कुठे हात लावायचा नाही, हेही खाली जागोजागी येईल.

हातात काय आलंय ते आधी बघा

आपल्याकडे घरोघरी जे डायलचे फोन होते ते ढोबळमानाने दोन जातींचे. जुने म्हणजे जड, काळे, बेकेलाइटचे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ही कंपनी १९४८ साली बंगळूरला निघाली आणि तिथल्या दूरवाणीनगरच्या कारखान्यातून हे फोन देशभर गेले. घडण ब्रिटिश धाटणीची. आणि ब्रिटिशांनी ती ढब उचलली होती स्वीडनच्या एरिक्सनकडून, ज्यांच्यासाठी एका नॉर्वेजियन चित्रकाराने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा आकार घडवला. खांदे उतरते, वर चोंगा ठेवायला दोन शिंगं. नंतरची जात हलक्या प्लास्टिकची: हस्तिदंती, करडी, हिरवी, क्वचित लाल. हे प्लास्टिक म्हणजे एबीएस. दोन्हींची साफसफाई वेगळी असल्यामुळे हा फरक आधी पक्का करा.

ओळखायची सोपी रीत म्हणजे अंगठा. कवचाच्या आतल्या कडेवर अंगठा जोरात घासा, चांगला गरम होईपर्यंत, आणि लगेच नाकाशी न्या. बेकेलाइटला औषधी, कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. एबीएसला तसा येत नाही. शिवाय बेकेलाइट हातात थंड आणि जड लागतं, नखाने वाजवलं तर आवाज भरीव येतो.

तिसरी जात दुकानात दिसते: चकचकीत पितळी, नक्षीदार, ‘अँटिक’ म्हणून विकला जाणारा फोन. यातले बहुतेक नवे बनवलेले असतात. डायलच्या भोकांत बटणं असतील तर समजून जा. शोभेला ठेवायला हरकत नाही, पण हा लेख त्याच्या कामाचा नाही.

मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार, कुठूनही फोन घेताना तीन गोष्टी करा. डायल ० पर्यंत नेऊन सोडा; ती अडखळली तरी चालेल, पण परत आली पाहिजे. चोंग्याची दोन्ही टोकांची झाकणं फिरवून उघडा, कारण आतल्या डब्या काढून विकलेल्या असतात आणि गिऱ्हाईक फक्त बाहेरून बघतं. शिंगांच्या बुडाशी आणि चोंग्याच्या मानेवर केसासारखी चीर आहे का ते उजेडात तिरपं धरून पाहा. बेकेलाइट ठिसूळ असतं. फोन एकदा खाली पडला की तिथेच तडकतो. घासाघीस करायचीच असेल तर या चिरेवर करा, धुळीवर नको.

जमवाजमव

सपाट तोंडाचे दोन-तीन मापांचे चांगले स्क्रू ड्रायव्हर. जुन्या स्क्रूच्या खाचेत टोक गच्च बसलं पाहिजे. सैल टोकाने खाच खाल्ली की तो स्क्रू जन्माचा अडकला. दाढीचा मऊ ब्रश, जुना टूथब्रश, कानातल्या कापसाच्या काड्या, सुती फडकी. आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं). शिलाई मशीनचं तेल, पण ते सुईच्या टोकाने लावायचं. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. ब्रासो. गाडीचं मेण-पॉलिश. एक साधा मल्टिमीटर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे किंवा मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या, घरच्यांची परवानगी असेल तर.

गंज सोडवायचे स्प्रे मात्र दूर ठेवा. ते आत सगळीकडे उडतात, विजेच्या संपर्काच्या टोकांवर बसतात आणि काही महिन्यांनी त्यांचा चिकटा धूळ धरून ठेवतो.

उघडण्याआधी

फोन लाईनला जोडलेला असेल तर आधी सोडवा. लाईनवर एरवी ४८-५० व्होल्ट डीसी असतात, त्याचं फारसं काही वाटत नाही. पण नेमका त्याच वेळी कुणी फोन लावला तर घंटीचा ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी येतो आणि हात झटकन मागे जातो, सोबत स्क्रू ड्रायव्हरही.

आता मल्टिमीटर ओमवर ठेवून फोनच्या बाहेर येणाऱ्या दोन तारांना लावा. चोंगा जागेवर असताना काहीच दिसू नये, कारण घंटीच्या वाटेत कपॅसिटर आडवा असतो आणि तो डीसी जाऊ देत नाही. चोंगा उचलल्यावर काही शे ओमच्या आत-बाहेर आकडा दिसला पाहिजे. तोंडाजवळच्या भागात फुंकर मारा. आकडा हलला तर माइक जिवंत आहे. मग डायल फिरवून सोडा. परत येताना आकडा तुटत-जुळत गेला की डायलही कामाची.

दोन मिनिटांच्या या तपासणीत पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा मिळतो. जे चालतंय त्याची फक्त धूळ झटकायची, हा नियम मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला आहे, कारण हात शिवशिवतात.

डायलचं तत्त्व समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. चोंगा उचलला की लाईनचं सर्किट पूर्ण होतं. डायल परत येताना ते सर्किट मोजून तोडते: १ ला एकदा, २ ला दोनदा, ० ला दहादा. वेग सेकंदाला दहा. एक्स्चेंज हे तुटणं मोजायचं, बस. फोनचं बिल वाढू नये म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप लावायची पद्धत होती, आठवतं? घरातली चलाख पोरं चोंग्याखालचं बटण तालात दाबून नंबर लावायची. तोडायचं तर तिथूनही तोडता येतं, हे त्यांना न शिकवता कळलेलं होतं.

उघडणं

काळ्या फोनच्या तळाला साधारण चार स्क्रू असतात. ते पूर्ण बाहेर येत नाहीत, सैल होऊन लटकतात, ओढू नका. कवच सरळ वर उचला, पण सावकाश, कारण बऱ्याच फोनांत डायल कवचालाच बसवलेली असते आणि तिच्या चार-पाच तारा आतल्या पट्टीला जोडलेल्या असतात. कवच शेजारी आडवं ठेवा आणि लगेच मोबाइलने फोटो काढा. चारही बाजूंनी, मग तारांच्या पट्टीचे अगदी जवळून, प्रत्येक तारेचा रंग आणि ती कुठल्या आकड्याच्या स्क्रूला आहे ते दिसेल असे. तारांचे रंग जुनेपणाने सगळे तपकिरी दिसत असतील, तर प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी चिकटवा. फोटो खूप झाले असं वाटलं की आणखी पाच काढा.

आत काय निघेल सांगता येत नाही. कोकणातून आलेल्या एका फोनमध्ये घंटीच्या वाट्यांखाली कुंभारमाशीने मातीचं टुमदार घर बांधलं होतं. घंटी का वाजत नाही याचं ते उत्तर होतं. पालीच्या अंड्यांची टरफलं, झुरळाची विष्ठा हे तर नेहमीचं. नाकाला रुमाल बांधा, गॅलरीत बसा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळी थोडी लांब धरून झाडलेली धूळ ओढून घ्या. ओलं फडकं आत अजिबात नको. घंटीच्या कॉइलवरची तार केसाएवढी बारीक असते, ब्रशही तिच्यावर हळू फिरवायचा.

तळाच्या लोखंडी पत्र्यावर गंज असेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन घासा, कोरडं करा, हवा तर काळा एनॅमल रंग पातळ मारा. वर्षाचा किंवा कारखान्याचा शिक्का कुठे दिसला तर तो मात्र झाकू नका. डायलच्या मागे किंवा कपॅसिटरवर असे शिक्के अनेकदा असतात आणि फोनचं वय सांगायला तेवढा एकच साक्षीदार उरलेला असतो.

डायल

इथे घाई करू नका. डायलच्या मागे दातेरी चाकं, एक मुख्य स्प्रिंग, संपर्काच्या पातळ पट्ट्या आणि एक छोटा गव्हर्नर असतो. गव्हर्नर म्हणजे फिरताना बाहेर फाकणारी दोन वजनं. वेग वाढला की ती भोवतीच्या वाटीला घासतात आणि वेग आवरतात. डायल परत येताना जो ‘घर्रर्र’ असा आवाज येतो तो त्यांचा.

मुख्य स्प्रिंग उघडू नका. ती सुटली तर परत तेवढ्याच ताणाने बसवणं नवख्याचं काम नाही, आणि ती सुटतानाच बोटाला लागते.

आधी पुढची बाजू. मधल्या गोल खिडकीखाली कागद असतो, त्यावर शाईने किंवा टाइप करून त्या घराचा नंबर. कडी किंवा पातळ झाकण अलगद उचकटून तो कागद काढा आणि वहीच्या पानात ठेवून द्या. पाणी लागलं की शाई पसरते. माझ्या पहिल्या फोनचा नंबर असाच गेला. कागद फाटलेला असला तरी नवा छापून बसवण्याआधी दोनदा विचार करा. पाच-सहा आकडी नंबर आता मोठ्या शहरात कुणाचाच नसतो. तोच तर त्या फोनचा पत्ता.

कागदाखालचा स्क्रू काढला की बोटं घालायची चकती सुटते. काही नंतरच्या फोनांत ती स्क्रूवर नसते, बारीक खटक्यावर असते. तिथे जोर लावू नका, खटका कुठे आहे ते शोधा. चकतीच्या भोकांच्या कडेला वर्षानुवर्षांच्या बोटांचा काळा थर असतो. साबणाच्या कोमट पाण्यात टूथब्रशने तो निघतो. चकती स्टीलची असेल तर चांगली पुसून वाळवा. आकड्यांची तबकडी मात्र जपून. आकडे भाजलेल्या मुलाम्यात असतील तर टिकतात; नुसते छापलेले असतील तर अल्कोहोल किंवा ब्रासो लावताच ते फडक्यावर येतात. ओलसर कापूस, एका कोपऱ्यावर तपासून, मग पुढे. मी एका फोनचा ७ असा घालवला आहे, आणि तो आता फक्त जागेवरून ओळखू येतो.

मागच्या बाजूला जुनं तेल पिवळ्या डिंकासारखं झालेलं असतं. डायल रेंगाळते ती त्यामुळे. काडीचा कापूस अल्कोहोलमध्ये बुडवून पिळा आणि चाकांच्या आसांजवळचा डिंक पुसून घ्या. पुन्हा नवा कापूस, पुन्हा तेच. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलात सुईचं टोक बुडवा आणि त्या टोकावर जे उरेल तेवढंच प्रत्येक आसाला लावा. थेंब पडला तर तो जास्त झाला. गव्हर्नरची वाटी आणि वजनांची घासणारी टोकं कोरडी राहिली पाहिजेत, नाहीतर ब्रेकला तेल लावल्यासारखं होतं आणि डायल सुसाट परत येते. संपर्काच्या पट्ट्यांनाही तेल नाही.

त्या पट्ट्यांच्या टोकांवर काळपट थर असेल तर पॉलिश पेपर वापरू नका. वरचा मौल्यवान धातूचा थर अगदी पातळ असतो. जाड गुळगुळीत कागदाची बारीक पट्टी, जुनं व्हिजिटिंग कार्ड चालेल, अल्कोहोलमध्ये ओली करून दोन टोकांच्या मध्ये घाला, बोटाने टोकं हलकी दाबा आणि कागद ओढून घ्या. कागदावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत नव्या जागेने परत. पट्ट्या वाकवून ‘ठीक’ करण्याचा मोह येतो. त्यांची अंतरं कारखान्यात मापून ठेवलेली असतात, तेव्हा तो मोह आवरा.

वेग कसा तपासायचा? ० फिरवून सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डायल जागेवर यायला एक ते सव्वा सेकंद लागायला हवा. दीड सेकंदाच्या वर गेला तर तेल अजून चिकट आहे, परत पुसा. पाऊण सेकंदात आली तर गव्हर्नरला कुठेतरी तेल लागलंय. आणखी एक: डायल परत येताना बोट घालून ती पुढे ढकलायची सवय कुणाला असेल तर तिथेच थांबवा. गव्हर्नरची वाट लागते आणि लागणारा नंबर नेहमी राँग असतो.

चोंगा

ऐकायची डबी फारशी बिघडत नाही. बोलायची डबी म्हणजे कार्बनचे बारीक कण भरलेली कॅप्सूल. आवाजाने पडदा हलतो, कण दाबले-सुटले जातात आणि प्रवाह कमी-जास्त होतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर, त्यात आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत, हे कण एकमेकांना चिकटून बसतात. मग आपला आवाज पलीकडे खोल विहिरीतून आल्यासारखा जातो. उपाय जुना आणि गावठी आहे: कॅप्सूल काढा, आडवी धरून तळहातावर चारपाच वेळा आपटा, फिरवून पुन्हा आपटा. जोर टाळी वाजवण्याएवढा. बहुतेकदा काम होतं. कॅप्सूल उघडायची नाही, तिच्यात पाणी किंवा अल्कोहोल जाऊ द्यायचं नाही.

चोंग्याच्या जाळीत मात्र इतकी वर्षं माणसं बोललेली असतात, त्यामुळे झाकणं साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून टूथब्रशने घासणं भागच आहे. पुसून, सावलीत वाळवून मगच परत लावा.

कवचाची झळाळी

बेकेलाइट १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी अमेरिकेत बनवलं. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं राळेसारखं मिश्रण, ठिसूळपणा कमी करायला त्यात लाकडाचं पीठ घातलेलं. साच्यातून निघताना वर राळेचा गुळगुळीत थर येतो आणि चमक त्या थराची असते. हा थर ऊन, घाम आणि घासण्याने झिजला की खालचं लाकडाचं पीठ उघडं पडतं आणि ते पाणी पितं. माझ्या बादलीतल्या कवचाचं हेच झालं होतं.

म्हणून बुडवायचं नाही. भांड्यांच्या द्रवाचा एक थेंब वाटीभर कोमट पाण्यात, फडकं पिळून घट्ट, आणि पुसत जायचं. लगेच कोरड्या फडक्याने. हे दोनदा केल्यावर कित्येक फोन इतके उजळतात की पुढे काही करावंसंच वाटत नाही. तिथेच थांबायला हरकत नाही.

अजून मंद वाटलं तर ब्रासो. त्यात अगदी बारीक घासणारी पूड असते. आधी आतल्या बाजूला एक ठिपका लावून पाहा. मग मऊ फडक्यावर थोडं घेऊन छोट्या गोलांत, बोटभर जागेवर, हलक्या दाबाने. फडकं पिवळट-तपकिरी होईल. घाबरू नका, ते बेकेलाइटचंच असतं. पण याचा अर्थ प्रत्येक वेळी आपण तो पातळ थर थोडा खातोय, हेही खरं. म्हणून एकदाच. कोपऱ्यांवर आणि उठावाच्या अक्षरांवर जवळजवळ नाहीच. शेवटी गाडीचं मेण पातळ लावून दहा मिनिटांनी चोळून काढा.

पॉलिश पेपरने कोरडं घासणं पूर्ण टाळा. जुन्या बेकेलाइटच्या काही मिश्रणांत ॲस्बेस्टॉसही घालत, आणि ती धूळ छातीत जाणं परवडणारं नाही. खोल ओरखडा असू दे. कुणीतरी घाईत चोंगा आदळला असेल.

यावर लोक आणखी दोन उपाय सांगतात. खोबरेल तेल: दोन दिवस छान दिसतं, मग धूळ चिकटते. काळं बूट पॉलिश: फोटोपुरतं झकास, पण पहिल्याच फोनला गाल काळा होतो.

चीर असेल तर आतल्या बाजूने ॲराल्डाइटमध्ये चिमूटभर काजळी कालवून भरा आणि चोवीस तास दोरीने बांधून ठेवा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भोवती पांढरी वाफ धरते, ती काळ्यावर उठून दिसते.

एबीएसच्या फोनची गोष्ट सोपी. डायल, तारा, धातू सगळं काढून फक्त कवच साबणाच्या पाण्यात खुशाल धुवा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मात्र लावू नका, प्लास्टिक विरघळून बोटांचे ठसे कायमचे उमटतात. हस्तिदंती फोन पिवळा पडला असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडने तो उजळतो. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, कवच पारदर्शक डब्यात द्रावात पूर्ण बुडवा आणि उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाला फिरवा, नाहीतर ढगांसारखे डाग पडतात. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार तासांत फरक दिसतो. लाल-हिरव्या फोनांवर हे करू नका, रंगच उडतो. आणि पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो हे गृहीत धरा.

घंटी आणि वायरी

घंटीच्या दोन वाट्या आणि मध्ये टोला. वाट्या स्क्रूवर थोड्या केंद्र सोडून बसवलेल्या असतात, त्यामुळे वाटी फिरवली की ती टोल्याच्या जवळ-लांब होते. आवाज ‘खट खट’ येत असेल तर वाटी टोल्याला चिकटलीय, किंचित फिरवून लांब करा. पुसायला कोरडं फडकं पुरे. मुलामा असलेल्या वाटीला चिंच किंवा पितांबरी लावली तर मुलामाच निघतो.

कापडी वेष्टणाची वायर सुंदर दिसते, पण आतलं रबर कडक होऊन तुकडे पडायला लागले असतील तर ती बदलावीच लागते. जुनी वायर फेकू नका, पिशवीत घालून फोनसोबत ठेवा. नंतरच्या गुंडाळीच्या प्लास्टिक वायरी सैल पडल्या असतील तर त्या काठीवर घट्ट गुंडाळून टोकं बांधा, हेअर ड्रायरने गरम करा आणि रात्रभर तशाच राहू द्या. फोन खोक्यात ठेवताना ही वायर एबीएसच्या कवचाला टेकू देऊ नका. वायरीतलं तेलासारखं द्रव्य झिरपतं आणि कवचावर वळसे कोरल्यासारखे खड्डे पडतात.

जुळवणी आणि पहिली परीक्षा

फोटो बघत उलट क्रमाने बसवा. स्क्रू ‘घट्ट’ आणि ‘फार घट्ट’ यांच्या मधल्या जागी थांबवा, कारण त्यांच्याभोवती बेकेलाइट आहे. कवच लावण्याआधी बॅटरीची परीक्षा घ्या: फोनच्या दोन तारा नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावा, चोंगा उचला, बोलण्याच्या बाजूला फुंकर मारा. स्वतःची फुंकर स्वतःच्या कानात आली की बोलणं-ऐकणं दोन्ही ठीक. आली नाही, तर चोंग्याखालच्या बटणाचे संपर्क कागदाच्या पट्टीने पुसा. दहापैकी सात वेळा दोष तिथे असतो.

आता लाईन. तांब्याच्या जुन्या लाईनवर दोन तारा कशाही लावल्या तरी चालतं. घरात फायबर आलं असेल तर मोडेमच्या मागे फोनचं खोबण असतं. साधा टेलिफोनचा प्लग, त्यातल्या मधल्या दोन तारा तुमच्या. इथे तीन प्रकार होतात. टोन ऐकू येतो आणि आलेला फोन घेता येतो, पण डायल केल्यावर काहीच होत नाही: म्हणजे मोडेमला पल्स, म्हणजे डायलचं ते मोजून तोडणं, कळत नाहीत; मध्ये पल्सचा बटणांच्या फोनसारखा टोन करणारी छोटी डबी लागेल. सगळं चालतं पण घंटी फक्त कुरकुरते: मोडेमचा घंटीचा करंट जुन्या जड घंटीला पुरत नाही, त्याच लाईनवरचे बाकीचे फोन काढून पाहा. घंटी अजिबात नाही: मल्टिमीटरने कॉइल मोजा. ब्रिटिश धाटणीच्या घंटीत दोन्ही कॉइल मिळून हजार ओमच्या आसपास यावेत. ते ठीक असतील तर कपॅसिटर बदला. साधारण दोन मायक्रोफॅरडचा, अडीचशे व्होल्टचा, प्लास्टिक फिल्मचा घ्या. नवा आकाराने लहान असतो. जुन्याचं डबडं तसंच जागेवर ठेवून नवा त्याच्या आडोशाला लपवता येतो.

लँडलाइनच नसेल तरी फोन मुका ठेवायची गरज नाही. तसाच दुसरा डायलचा फोन मिळवा. पहिल्याची एक तार दुसऱ्याच्या एका तारेला जोडा, उरलेल्या दोन तारांच्या मध्ये नऊ किंवा बारा व्होल्टची बॅटरी. दोन्हीकडे चोंगे उचलले की दोन खोल्यांत स्पष्ट बोलता येतं, आणि ठेवले की बॅटरी खर्च होत नाही. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक आहे आणि स्वयंपाकघरात एक. बॅटरीवर घंटी तेवढी वाजत नाही, त्यामुळे आधी जिन्यात येऊन ‘फोन उचल!’ असं ओरडावं लागतं.